आभाळातला रेडिओ आणि त्याची वर्गणी

भाकऱ्या उरकून, झाकपाक करून रेडिओजवळ बसलेल्या सगळ्यांना नमस्कार. अजून हातात काम असेल तर ते चालू द्या, कान तेवढा इकडं ठेवा.

आजचं बोलणं एका प्रश्नातून निघालंय. मागच्या महिन्यात आपल्या केंद्रावर सगळ्या गटांच्या प्रतिनिधींची बैठक झाली. विषय पैशाचा होता. विजेचं बिल, यंत्रांची दुरुस्ती, निवेदन करणाऱ्या मुलींचं मानधन, सगळंच वाढलंय. आणि ज्या मदतीवर केंद्र उभं राहिलं ती यंदा संपतेय. तेव्हा मागच्या रांगेतल्या एक ताई म्हणाल्या, "टीव्हीच्या डिशचे पैसे आपण गपगुमान भरतो की नाही? मग रेडिओचे का नाही? जी पैसे भरेल तिलाच ऐकू येईल असं काहीतरी करा."

काहीजणी हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. असा रेडिओ जगात आहे, आणि आपल्या देशातही काही वर्षं होता. आम्ही म्हटलं, आधी तो नीट समजून घेऊ, मग ठरवू. जे समजलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

आधी एक जुनी आठवण. तुमच्या घरातल्या आजीला विचारा, त्या सांगतील: पूर्वी रेडिओ घरात ठेवायला लायसन्स लागायचं. त्याचं पुस्तक असायचं, पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे. १९८० नंतरच्या दशकात ती पद्धत बंद झाली आणि 'रेडिओ फुकट' हे आपल्या डोक्यात बसलं. फुकट ते पौष्टिक, असं आपण म्हणतो. पण रेडिओ कधीच फुकट नसतो. आकाशवाणीचा खर्च सरकार करतं, म्हणजे आपल्याच करातून होतो. शहरातल्या खासगी एफएमचा खर्च जाहिरातदार करतात. म्हणून दोन गाण्यांच्या मधे साबण, सिमेंट आणि सोनं विकलं जातं. तिसरी तऱ्हा म्हणजे ऐकणाऱ्यानं स्वतः पैसे भरायचे. आज बोलायचंय ते या तिसऱ्या तऱ्हेबद्दल.

आता हा रेडिओ चालतो कसा? आपलं केंद्र एफएमवर आहे. आपला खांब ३० मीटरचा. तिथून लहरी सरळ रेषेत निघतात आणि दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत नीट पोचतात. मधे डोंगर आला की अडतात. म्हणून तर खिंड ओलांडली की एसटीत आपला आवाज जातो आणि खरखर सुरू होते. आता समजा, हा खांब इतका उंच केला की कुठलाच डोंगर आड येणार नाही. तसा खांब बांधता येत नाही, पण आभाळात यंत्र ठेवता येतं. तोच उपग्रह.

असा उपग्रह जमिनीपासून जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. नेमका तिथंच का? कारण त्या उंचीवर त्याला पृथ्वीभोवती एक फेरा मारायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात पृथ्वीही स्वतःभोवती एकदा फिरते. जातं आठवा. वरचा दगड आणि खुंटा बरोबरच फिरतात. त्या दगडावर मुंगी बसलेली असेल तर तिला खुंटा जागचा हललेला दिसणारच नाही. आपण ती मुंगी आणि उपग्रह तो खुंटा. तो एकाच जागी थांबलाय असं आपल्याला वाटतं. म्हणून आपल्या छपरावरची टीव्हीची डिश एकदा बसवली की कायम एकाच दिशेला तोंड करून असते.

कार्यक्रम तयार होतात जमिनीवरच, आपल्यासारख्याच स्टुडिओत. तिथून मोठ्या डिशनं ते उपग्रहाकडं पाठवतात, आणि उपग्रह ते पुन्हा खाली सोडतो, एकाच वेळी अर्ध्या खंडावर. एवढ्या लांबून येणारा आवाज क्षीण असतो. तो आपल्या साध्या रेडिओवर लागत नाही. त्याला वेगळा संच लागतो आणि त्याची अँटेना आभाळाच्या मोकळ्या तुकड्याकडं वळलेली असावी लागते.

आता खरी गंमत पुढं आहे. पाऊस सगळ्यांच्या छपरावर पडतो, तशा या लहरीही सगळ्यांच्या घरावर पडतात, पैसे भरणाऱ्याच्या आणि न भरणाऱ्याच्याही. मग वर्गणी घ्यायची कशी? त्यासाठी कार्यक्रमाला कुलूप लावतात. आवाजाचे आधी आकडे करतात, मग त्या आकड्यांची अशी गुंतागुंत करतात की किल्लीशिवाय त्यातून काहीच उलगडत नाही. प्रत्येक संचाला स्वतःचा नंबर असतो. तुम्ही पैसे भरले की उपग्रहावरून हुकूम येतो: अमुक नंबरच्या संचा, उघड. पैसे थकले की त्याच वाटेनं दुसरा हुकूम येतो: बंद हो. टीव्हीचा रिचार्ज संपल्यावर पडद्यावर जे होतं, अगदी तेच. वर्गणीच्या रेडिओचा सगळा धंदा या कुलपावर उभा आहे.

हा धंदा सगळ्यात जास्त वाढला तो अमेरिकेत. तिथल्या सरकारनं १९९७ साली दोन कंपन्यांना परवाने दिले. एक्सएम नावाच्या कंपनीनं २००१ च्या सप्टेंबरात रेडिओ सुरू केला, सिरियस नावाच्या कंपनीनं २००२ मध्ये. एक्सएमची वर्गणी महिन्याला दहा डॉलरला थोडी कमी, सिरियसची तेरा डॉलरला थोडी कमी. एक्सएमनं आपल्या पहिल्या दोन उपग्रहांची नावं ठेवली होती 'रॉक' आणि 'रोल'. नाव गमतीचं, पण दुखणं खरं निघालं. सूर्याच्या उन्हावर वीज करणाऱ्या त्यांच्या पंख्यांमध्ये दोष होता आणि वीज ठरल्यापेक्षा लवकर कमी होत गेली. आभाळात मिस्त्री पाठवता येत नाही. शेवटी ठरल्यापेक्षा लवकर नवे उपग्रह सोडावे लागले. त्यांची नावं 'रिदम' आणि 'ब्लूज'.

तिथं गावागावात फुकटचे रेडिओ होतेच. मग लोकांनी पैसे भरावेत म्हणून या कंपन्यांनी काय केलं? ते आपण लक्ष देऊन पाहू, कारण ओढून घेण्याच्या या युक्त्या फोनवाले, टीव्हीवाले सगळेच आपल्यावर वापरतात.

पहिली गोष्ट, गाण्यांच्या वाहिन्यांवर जाहिराती नाहीत. दुसरी, न तुटणारा आवाज. अमेरिकेत लोक दिवसदिवस गाडी चालवतात. साधं केंद्र तासाभरात मागं पडतं, आभाळातला रेडिओ या टोकापासून त्या टोकापर्यंत सोबत करतो. मालट्रक चालवणाऱ्यांसाठी तर त्यांनी वेगळ्या वाहिन्याच काढल्या. पुलाखालून जाताना आवाज तुटू नये म्हणून एक्सएम तोच कार्यक्रम दोनदा पाठवत असे, मधे काही सेकंद ठेवून. संच त्यातला थोडा साठवून ठेवतो, जसं आपण नळ जाईल म्हणून एक कळशी भरून ठेवतो. उंच इमारतींच्या शहरांत त्यांनी जमिनीवरही खांब उभे केले. म्हणजे आभाळातल्या रेडिओलाही शेवटी जमिनीचा आधार लागलाच.

तिसरी गोष्ट, ज्यांना कोणी विचारत नाही अशांसाठी जागा. साधा रेडिओ लावतो ते बहुतेकांना आवडेल असं. इथं शंभराहून अधिक वाहिन्या. एका दशकाच्या गाण्यांची एक, डोंगराळ भागातल्या लोकसंगीताची एक, नुसत्या विनोदांची एक. आवडणारे थोडे असले तरी ते देशभरातून मिळून भरपूर होतात.

चौथी गोष्ट, मोठं नाव. हॉवर्ड स्टर्न नावाचा तिथला एक गाजलेला निवेदक. त्याच्या वाह्यात बोलण्यापायी आधीच्या केंद्रांना सरकारी दंड भरावे लागले होते. सिरियसनं २००४ साली त्याच्याशी पाच वर्षांचा ५० कोटी डॉलरचा करार केला. त्या वर्षाच्या शेवटी सिरियसचे वर्गणीदार साधारण ११ लाख होते, २००६ च्या शेवटी ते ६० लाखांवर गेले.

आणि पाचवी युक्ती सगळ्यात पक्की. मोटारी बनवणाऱ्यांशीच करार केले. नवी गाडी घेतली की रेडिओ आत बसवलेलाच, आणि पहिले काही महिने फुकट. तेवढ्यात माणसाला सवय लागते. मग कंपनी विचारते, पुढं चालू ठेवायचं ना? सवय लागलेल्या गोष्टीला नाही म्हणणं किती जड जातं, ते आपल्याला सांगायला नको.

एवढं करूनही दोघींनी एकमेकींशी चढाओढ करताना इतका खर्च केला की २००८ साली त्यांना एकत्र व्हावं लागलं. पुढच्याच वर्षी ती एकत्र झालेली कंपनी दिवाळखोरीच्या उंबऱ्यावर होती. दुसऱ्या कंपनीनं ५३ कोटी डॉलरचं कर्ज दिलं म्हणून वाचली. आज तिचे तीन कोटींहून जास्त वर्गणीदार आहेत. पण तिच्यावर खटलाही झाला. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी २०२३ साली तिला कोर्टात खेचलं. तक्रार अशी की वर्गणी सुरू करणं सोपं, पण बंद करायला फोन केला की माणसाला बोलत ठेवतात, नवनव्या सवलती सांगत राहतात, लवकर सोडत नाहीत. २०२४ साली कोर्टानं म्हटलं, बंद करण्याची वाट सोपी ठेवली नाही, हा कायद्याचा भंग आहे.

हे ऐकून आम्हाला आमच्यातलीच गोष्ट आठवली. आमच्या एका मैत्रिणीच्या फोनमधले पैसे दर महिन्याला थोडे थोडे कमी व्हायचे. तिला वाटायचं, आपलंच बोलणं जास्त होतंय. घरचे बोलायचे ते वेगळंच. शेवटी मुलीनं शोधलं. कधीतरी एक बटण दाबलं गेलं आणि फोन करणाऱ्याला ऐकू येणारं गाणं लागलं होतं, त्याचे पैसे कापले जात होते. सात महिने! गाणं बंद करायला तिघींनी मिळून अर्धी दुपार घालवली.

आता आपल्या देशाकडं येऊ. आपल्याकडं जो उपग्रह रेडिओ आला त्याचं नाव वर्ल्डस्पेस. तो काढणारे नोआ समारा हे मूळचे इथिओपियाचे. १९९० साली त्यांनी ही कंपनी काढली, तेव्हा आफ्रिकेत एड्स पसरत होता आणि रोग टाळायचा कसा ही माहिती खेड्यांपर्यंत पोचतच नव्हती. त्यांच्या मनात आलं, आभाळातून रेडिओ आला तर ना रस्ता लागेल, ना जागोजागी खांब. १९९८ च्या ऑक्टोबरात आफ्रिकेसाठी 'आफ्रिस्टार' आणि २००० च्या मार्चमध्ये आशियासाठी 'एशियास्टार' असे दोन उपग्रह त्यांनी सोडले. विचार केवढा चांगला होता बघा.

पण उपग्रह खर्चिक आणि संचही महाग. ज्या खेड्यांसाठी हे सगळं मांडलं, तिथल्या घराला तो संच परवडत नव्हता. कंपनीलाही पैसे हवे होते. मग ती वर्गणीकडं वळली, आणि ज्यांच्याकडं वर्गणीचे पैसे होते त्या शहरी घरांकडं वळली. तिचे बहुतेक वर्गणीदार भारतात होते. त्यांना तिनं काय दिलं? इकडं खासगी एफएमवर तीच तीच नवी फिल्मी गाणी चालू असताना, तिच्याकडं दिवसरात्र हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची 'गांधर्व' होती, कर्नाटक संगीताची 'श्रुती' होती, जुन्या हिंदी गाण्यांची 'फरिश्ता' होती. मराठीसाठी 'सुरभी' नावाची वाहिनी होती. जाहिरातीला चेहरा होता ए. आर. रहमान यांचा. ज्यांनी ते ऐकलं ते आजही हळहळतात, आणि त्यांचं हळहळणं खोटं नाही. रात्री दोन वाजता उठून कुणाला मारवा ऐकावासा वाटला तर तो लावणारा दुसरा रेडिओ तेव्हा नव्हता.

पण हिशेब जुळला नाही. २००८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद झाली. संच घराघरात होते, पण त्यातल्या बऱ्याच संचांना दुसरं काहीच येत नव्हतं. आपला साधा रेडिओ एक केंद्र बंद पडलं तर दुसरं लावतो. तो संच एकाच मालकाचा ऐकणारा होता. मालक गेला, संच मुका झाला.

मैत्रिणींनो, हे सगळं समजून घेतल्यावर आम्ही पुन्हा ताईंच्या प्रश्नाकडं आलो. आपल्या रेडिओला कुलूप लावावं का?

एफएमवर असं कुलूप सहजी लागत नाही, हे एक उत्तर. पण ते यंत्राचं उत्तर झालं. समजा उद्या लावता आलं, तर लावावं का?

तेव्हा आम्हाला एक बाई आठवल्या. त्या ऊसतोडीला जातात. दोन वर्षांपूर्वी फडात त्यांच्या पुतण्याला साप चावला. कुणी म्हणालं पाय आवळून बांधा, कुणी म्हणालं ब्लेडनं कापा, कुणी देवर्षीकडं न्यायला निघालं. त्यांनी आपल्याच रेडिओवर ऐकलं होतं की कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, कारण सापाच्या विषावरची लस तिथं मिळते. त्या सगळ्यांशी भांडल्या आणि पोराला घेऊन गेल्या. पोरगा आज शाळेत जातो. या बाईंनी आपल्याला एक रुपया दिलेला नाही. त्यांच्या हातात रुपया राहतच नाही. उचल मुकादमाकडून नवरा घेतो, खर्च सासू बघते. कुलूप लावलं असतं तर पहिला बंद झाला असता तो त्यांचा रेडिओ.

म्हणून कुलूप नको, यावर आमचं एकमत झालं. पण ताईंचं अर्धं म्हणणं आम्हाला पटलं, तेही सांगतो. जो पैसे देतो त्याचं ऐकावं लागतं. वर्गणीच्या रेडिओला श्रोता नाराज करून चालत नाही, तो पुढच्या महिन्यात सोडून जातो. आपला खर्च उद्या सगळाच बाहेरून येणार असेल, तर रेडिओही हळूहळू बाहेरच्यांचंच बोलणं बोलायला लागेल. आपल्यासारख्या केंद्राला जाहिराती घ्यायची परवानगी आहे, तासाला ठराविक मिनिटांची. पण नुसत्या जाहिरातींवर राहिलो तर बी-बियाणं विकणाऱ्याच्या विरोधात बोलायची वेळ आल्यावर आपली जीभ अडखळेल.

तेव्हा आमचं म्हणणं असं आहे. ऐकणं सगळ्यांना खुलं राहू द्या. ज्या गटाला जमेल त्यानं महिन्याच्या बैठकीत बचतीच्या वहीशेजारी रेडिओची एक वेगळी ओळ ठेवावी. दहा रुपये असतील, शेंगदाण्याची पायली असेल, एखादीचा दिवसभराचा वेळ असेल. ज्यांना जमणार नाही त्यांचं नाव कुठंही वाचलं जाणार नाही. केंद्राचा जमाखर्च मात्र दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही याच वेळेला वाचून दाखवू, बल्बच्या खर्चापर्यंत. आणि ज्या गटानं काही दिलं नाही, त्यालाही हिशेब विचारायचा तेवढाच हक्क राहील.

हे आम्ही ठरवून टाकलेलं नाही. पुढच्या बैठकीत तुम्ही ठरवायचंय. त्याआधी आपापल्या गटात यावर बोला. आणि बोलता बोलता, घरात सध्या ज्याची वर्गणी चालू आहे, टीव्ही, फोन, मोबाइलवरची गाणी, त्या प्रत्येकाला हे प्रश्न लावून बघा.

महिन्याला नाही, वर्षाला मिळून किती जातात? पैसे भरायचं कोण ठरवतं आणि ऐकतं-बघतं कोण? फुकटचे दिवस कधी संपतात, तारीख लिहून ठेवलीय का? बंद करायचं झालं तर कसं, कुठला नंबर, कुठलं बटण? कंपनी उद्या बुडाली तर घरातल्या डब्याचा दुसरा काही उपयोग आहे का? आणि वर्षभराचे पैसे एकदम भरायला सांगत असतील तर घाई कुणाला आहे, आपल्याला की त्यांना?

उत्तरं वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर गटातल्या मुलीकडून लिहून घ्या, किंवा केंद्रावर येऊन माइकसमोर सांगा. ज्यांचं 'कुलूप लावाच' असं म्हणणं आहे त्यांनीही यावं. मागच्या रांगेतल्या ताईंना तर आम्ही पुढच्या कार्यक्रमाला बोलावलंच आहे. त्यांचं अजून पटलेलं नाही, असं त्यांनी सांगून ठेवलंय.

तर भेटू, पुढच्या आठवड्यात याच वेळेला. आता उठा, दुधाला विरजण लावायचं राहिलं असेल.